मधली धार

मिरजेत कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर जाऊन "उन्हाळी लागलीय, लघवीला जळजळतंय, काहीतरी द्या" म्हणून बघा. पलीकडचा मुलगा मोबाइलमधून मान वर न करता सिरपची एक बाटली आणि चार-सहा गोळ्या कागदी पुडीत घालून देईल. "सिरप दोन चमचे पाण्यातून, तीन वेळा. गोळी सकाळ-संध्याकाळ." बाई असेल तर पुडी पर्समध्ये कोंबून झटकन निघते. पुरुष असेल तर "उष्णता झाली असेल" असं स्वतःशीच पुटपुटत निघतो. डॉक्टर नाही, तपासणी नाही, चिठ्ठी नाही. आणि बऱ्याचदा बरंही वाटतं, म्हणून तर ही पद्धत इतकी वर्षं टिकलीय.

मी त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला बसते. इथल्याच एका खासगी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम बघते. टेक्निशियन आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा या लेखात कुणी स्वतःपुरती चिठ्ठी शोधू नये. आमच्याकडे लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जिवाणू प्लेटवर वाढवून बघायची तपासणी, येतं ते बहुतेक वेळा अशा दोन-तीन पुड्या रिचवून झाल्यावर. फॉर्मवर 'आधी घेतलेली औषधं' असा एक रकाना असतो. तो नव्वद टक्के लोक रिकामा सोडतात, कारण डॉक्टरांनी दिलेलं तेच औषध, मेडिकलमधून आणलेलं ते औषध नव्हेच, असा आपल्याकडे पक्का समज आहे. विचारलं की आठवतं: "हां, त्या लांबट पांढऱ्या गोळ्या होत्या." यावरून औषध ओळखायची विद्या मला अजून साधलेली नाही.

सॅम्पल कशातून येतं, हा एक वेगळाच विषय. शाम्पूची बाटली, खोकल्याच्या औषधाची बाटली, बाळाची जुनी दुधाची बाटली, एकदा तर मधाची बरणी, लेबलसकट. वर वर्तमानपत्र, त्यावर काळी प्लास्टिकची पिशवी, त्यावर कापडी पिशवी. बायका तर काउंटरवर बाटली ठेवतच नाहीत. आधी आजूबाजूला कोण आहे ते बघतात, मग माझ्या हातात देतात, आणि आवाज एकदम खाली: "ते... लघवीचं." रक्त द्यायला आलेली माणसं हॉलमध्ये मोठमोठ्याने शुगरचे आकडे एकमेकांना सांगत असतात. कोलेस्टेरॉलची तर फुशारकीही मारतात. लघवीचं कुणी बोलत नाही.

ही घरची बरणी मी घेत नाही. निर्जंतुक डबी देते आणि सांगते: आधी हात धुवा, जागा नुसत्या पाण्याने स्वच्छ करा, पहिली थोडी धार सोडून द्या, मधली डबीत धरा, शेवटची पुन्हा सोडा. डबीच्या आतून बोट लावू नका. एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो, पण सांगणारा चुकला तर पुढचं सगळं वाया जातं. पहिल्या धारेबरोबर कातडीवरचे जिवाणू वाहून येतात. ते डबीत गेले की प्लेटवर तीन-चार तऱ्हेचे जीव एकदम उगवतात आणि आम्हाला रिपोर्टमध्ये 'मिक्स्ड ग्रोथ, पुन्हा सॅम्पल द्या' लिहावं लागतं. जतहून एसटीने आलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवायचं म्हणजे त्याच्या तोंडावरचा राग झेलायची तयारी ठेवायची.

जतहून म्हणजे आणखी एक भानगड. लघवी डबीत पडल्यापासून दोन तासांत प्लेटवर लागायला हवी, नाहीतर फ्रिजमध्ये हवी. ई. कोलाय नावाचा जिवाणू चांगल्या उबेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. मे महिन्यातली एसटी म्हणजे त्याच्यासाठी उत्तम ऊबच. दोन तासांत एकाचे चौसष्ट. म्हणजे सकाळी घरी सॅम्पल भरून पिशवीतून इथवर आणलं, तर मी जे मोजणार ते त्या बाईच्या मूत्राशयातलं की प्रवासात पिकलेलं, हे मलाही सांगता यायचं नाही. म्हणून लांबून येणाऱ्यांना मी फोनवरच सांगते, रिकाम्या हाताने या, पाणी पिऊन या, इथे द्या. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "तिथं बाथरूम स्वच्छ आहे का?" आहे. रोज सकाळी मी स्वतः बघते. ते स्वच्छ नसेल तर लॅब चालवण्यात अर्थच नाही.

आता प्लेट. मला या कामातला हा भाग मनापासून आवडतो. एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, एवढीच लघवी उचलणारं बारीक वेढं असलेलं लूप असतं. ते सॅम्पलमध्ये उभं बुडवायचं, काढायचं, आणि सीएलईडी नावाच्या निळसर-हिरव्या जेलीसारख्या माध्यमावर मधोमध एक रेघ ओढून मग तिच्या आडवं मागे-पुढे फिरवायचं. झाकण लावून, उलटी करून, ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये रात्रभर. सकाळी दार उघडलं की काही प्लेट्सचा निळा रंग जाऊन पिवळा झालेला असतो. मोहरीएवढ्या, गुळगुळीत, पिवळ्या वसाहती, म्हणजे जिवाणूंचे ठिपके. जवळ धरल्या की तो ओळखीचा उग्र वास. बहुतेक वेळा ई. कोलायच, साध्या मूत्रसंसर्गात दर चारांतल्या तीनांहून जास्त वेळा हाच. क्लेबसिएला नावाचा दुसरा जिवाणू असेल तर वसाहती मोठ्या, ओल्या, लूप लावलं की तार निघते अशा. सुडोमोनास हिरवट दिसतो आणि त्याला चक्क द्राक्षांसारखा गोड वास येतो. सांगली-तासगावच्या माणसाला हा वास ओळखायला पुस्तक लागत नाही.

मग मोजायचं. त्या हजाराव्या भागातून शंभर वसाहती उगवल्या तर मिलिलिटरला एक लाख. हा एक लाखाचा आकडा एडवर्ड कास नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५० च्या दशकात बॉस्टनमध्ये बायकांच्या लघव्या तपासून पुढे आणला आणि जगभरच्या लॅबनी तो डोक्यावर घेतला. त्याच्यावर असेल तर संसर्ग, खाली असेल तर नाही. पुढे कळलं की ज्या बाईला खरोखर जळजळ होतेय, दर अर्ध्या तासाला जावं लागतंय, तिच्यात एक लाखाच्या कितीतरी खालचा आकडाही खरा संसर्ग असू शकतो. कास यांनी आकडा शोधला तो मुख्यतः त्रास नसलेल्या आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाच्या रुग्णांसाठी. हा फरक बऱ्याच रिपोर्ट वाचणाऱ्यांना ठाऊक नसतो. 'नो सिग्निफिकंट ग्रोथ' लिहिलेला कागद हातात घेऊन "तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत" हे वाक्य ऐकलेल्या किती तरी बायका परत आमच्याच काउंटरवर येतात.

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा. उगवलेला जिवाणू दुसऱ्या एका प्लेटवर एकसारखा पसरायचा आणि त्यावर औषध भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या, सहा मिलिमीटरच्या, ठराविक अंतरावर ठेवायच्या. रात्रभरात जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ तयार होतं. पट्टी घेऊन त्याचा व्यास मोजायचा. नायट्रोफ्युरँटॉइनला ई. कोलायसाठी १७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर 'सेन्सिटिव्ह'. जे औषध लागू पडत नाही त्याची टिकली वाढीत बुडालेली, आजूबाजूला तसूभरही जागा नाही. मला रिपोर्टातल्या एस (सेन्सिटिव्ह, औषध लागू) आणि आर (रेझिस्टंट, औषध लागू नाही) या अक्षरांपेक्षा ती प्लेटच पेशंटला दाखवावीशी वाटते. मेडिकलमधून आणलेली लांबट पांढरी गोळी कुठली होती ते त्याला तिथे उघड्या डोळ्यांनी दिसेल.

गेल्या वर्षी एक शाळेतल्या बाई यायच्या. पस्तिशीच्या आत, कवठेमहांकाळकडच्या एका खेड्यात नोकरी, राहायला मिरजेत. जाऊन-येऊन रोजचा प्रवास. जळजळ सुरू झाली की मेडिकल, दोन दिवस नॉरफ्लॉक्सासिन. बरं वाटलं की बंद. पुन्हा झालं, तिथल्या डॉक्टरांनी सेफिक्झिम दिलं, ते तीन दिवस घेतलं. पुन्हा झालं, मग ऑफ्लॉक्सासिन, बहिणीला लागू पडलं होतं म्हणून. अखेर एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी कल्चर लिहून दिलं. प्लेटवर ई. कोलाय, ईएसबीएल जातीचा. म्हणजे सेफिक्झिमसारख्या औषधांना मोडून टाकणारं एन्झाइम बनवणारा. नॉरफ्लॉक्सासिन आर, ऑफ्लॉक्सासिन आर, सेफिक्झिम आर. एवढ्या आर-मध्ये दोनच मोठी रिकामी वर्तुळं होती: नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन.

या दोन औषधांबद्दल मला जरा जिव्हाळा आहे. नायट्रोफ्युरँटॉइन १९५३ साली बाजारात आलं. अजूनही लागू पडतं, स्वस्त आहे, आणि नवी, महागडी, जाहिरातीची औषधं एकेक करून निकामी होत असताना हे म्हातारं कामावर हजर आहे. कारण ते रक्तात फारसं राहतच नाही. लघवीत साठतं आणि जिवाणूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे त्याला चकवणं जिवाणूला जड जातं. पण म्हणूनच ते फक्त मूत्राशयातल्या संसर्गाला चालतं. ताप, थंडी, पाठीत एका बाजूला दुखणं, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला असेल तर हे औषध तिथे पोचत नाही. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत ते देत नाहीत. साधारणपणे पाच दिवस, जेवणानंतर. लघवीचा रंग गडद तपकिरी होतो, त्याला घाबरायचं नाही. फॉस्फोमायसिन हे १९६९ साली स्पेनमधल्या मातीतल्या जिवाणूपासून सापडलेलं. तीन ग्रॅमची एक पुडी पाण्यात घालून एकदाच घ्यायची. एका पुडीत उपचार संपतो यावर पेशंटचा विश्वास बसत नाही. "फक्त एक? डॉक्टर विसरले तर नाहीत?"

बाईंना डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन दिलं. पण घरी मेडिकलमधलं ते लाल सिरप होतंच, तेही त्या बरोबरीने घेणार होत्या. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ही जोडी मी इतक्या चिठ्ठ्यांवर बघते. ते सिरप लघवीतलं आम्ल कमी करतं, त्यामुळे जळजळ कमी वाटते. त्याने जिवाणू मरत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं. म्हणजे एका हाताने औषध द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याची धार बोथट करायची. शिवाय त्या सिरपमध्ये सोडियमचं सायट्रेट असतं. बीपीच्या माणसाने मीठ कमी खायचं आणि हे दिवसातून तीनदा प्यायचं, हा कसला हिशेब? मी बाईंना एवढंच म्हटलं, "मॅडम, सिरपचं एकदा डॉक्टरांना विचारा." त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी बंद केलं.

मग मी विचारलं, "शाळेत बाथरूम नाही का?"

"आहे की. कुलूप असतं. किल्ली हेडसरांकडे."

"मग?"

"मग काय. रोज चार वेळा किल्ली मागायची का?" त्या हसल्या, पण हसण्यात काही दम नव्हता. "सकाळी सातनंतर पाणीच पीत नाही. घरी आल्यावर एकदम दोन तांबे."

यावर औषधाच्या कंपन्या काय करणार? बाईच्या मूत्रमार्गाची लांबी चार सेंटिमीटरच्या आसपास, पुरुषाच्या जवळपास वीस. बाईचं मूत्रद्वार गुदद्वाराच्या आणि योनीच्या अगदी जवळ. आतड्यात आयुष्यभर निमूट राहणारा ई. कोलाय चार सेंटिमीटर चढून जातो आणि आपल्या केसाळ हातांनी मूत्राशयाच्या भिंतीला चिकटतो. लघवीचा जोराचा प्रवाह त्याला धुऊन काढतो. तो प्रवाहच सकाळी सात ते संध्याकाळी सहापर्यंत बंद ठेवला तर जिवाणूला बसायला निवांत वेळ मिळतो. याला वैद्यकीय पुरावाही आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, बल्गेरियात झालेल्या एका चाचणीत वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या. निम्म्यांना रोज नेहमीपेक्षा दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात जास्त पाणी पिणाऱ्या बायकांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. जवळपास निम्मं. औषध: पाणी. पण पाणी प्यायचं तर पुढे ते सोडायला जागा हवी, आणि इथेच सगळं अडतं.

मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाने बायकांनी मोहीम चालवली, ती याच मुद्द्यावर. पुरुषांची मुतारी फुकट, बायकांना मात्र पैसे. तेही दार नसलेल्या, कडी तुटलेल्या जागेसाठी. एसटी स्टँडवर 'महिलांसाठी लघवी मोफत' अशी पाटी असते आणि पाटीखाली टेबल टाकून बसलेला माणूस पाच रुपये मागतो. वाद घालायला तेव्हा कुणाकडे वेळ असतो? बस सुटत असते. साखरपट्ट्यात ऊसतोडीला आलेल्या बायकांचं तर विचारूच नका. फडात ना आडोसा, ना पाणी. पहाटे अंधारात एकदा, मग रात्री अंधारात एकदा. त्यांच्यातली एखादी कल्चरपर्यंत पोचणं म्हणजे मोठीच गोष्ट, कारण एक दिवस लॅबला म्हणजे कोयत्याची एक दिवसाची मजुरी बुडाली.

धणे-जिऱ्याचं पाणी, वाळा, सब्जा, जवाचं पाणी, गोखरू, पळसाची फुलं रात्रभर भिजवून सकाळी त्याचं पाणी. आमच्या सासूबाईंकडे हा सगळा दवाखाना माळ्यावरच्या डब्यांत होता. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. उन्हाळ्यात घाम जाऊन लघवी घट्ट झाली की नुसतीच आग होते. तो संसर्ग नसतो, आणि अशा वेळी धणे-जिऱ्याचं पाणी म्हणजे शेवटी पाणीच, ते उपयोगी पडतंच. गडबड होते ती संसर्ग झालेला असताना आठ दिवस नुसतं धण्याचं पाणी पीत बसलं की. शहरात याच जागी आता क्रॅनबेरीच्या गोळ्या आणि डी-मॅनोज नावाच्या साखरेच्या पुड्या आल्यात. क्रॅनबेरीने वारंवार होणारा संसर्ग काहींच्यात थोडा कमी होतो असं पुराव्यांचा आढावा सांगतो. झालेला बरा करायला ती नाही. डी-मॅनोजची २०२४ साली ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, काही फायदा दिसला नाही. तरी इन्स्टाग्रामवर जोरात चालू आहे. सासूबाईंचे डबे निदान स्वस्त होते.

वयस्कर बायकांची गोष्ट मला इथे जरा लांबवून सांगायचीय, कारण ती कुणीच सांगत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, योनीतले चांगले जिवाणू ओसरतात, तिथलं आम्ल कमी होतं आणि आतड्यातल्या जिवाणूंना तिथे मुक्काम करायला सोपं जातं. साठीनंतर वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांना वारंवार अँटिबायोटिक देत राहणं हा आपल्याकडचा रिवाज. खरं तर १९९३ सालीच इस्रायलमध्ये झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ९३ बायका, निम्म्यांना योनीत लावायची इस्ट्रिऑलची, म्हणजे एका इस्ट्रोजेनची, क्रीम, निम्म्यांना बिनऔषधाची. साध्या क्रीमवाल्यांना वर्षाला सरासरी सहाच्या आसपास संसर्ग, इस्ट्रिऑलवाल्यांना अर्धा. म्हणजे दोन वर्षांत एक. इतका ढळढळीत फरक औषधांच्या अभ्यासात क्वचित दिसतो. आणि तरीही ही क्रीम चिठ्ठीवर फारशी दिसत नाही. लिहून दिली तरी औषधं आणणार मुलगा. आई मुलाला काय सांगणार, कसली क्रीम? एका काकूंनी मला सांगितलं, "आणली होती गं त्याने. ट्यूब वाचून ठेवून दिली कपाटात. मीच म्हटलं, हाताला लावायचीय." बाकीच्या गोळ्या त्या वेळच्या वेळी घेत होत्या.

याच वयात उलटी चूकही होते. आजीला काहीही त्रास नाही. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत कुणीतरी कल्चर लावतं, प्लेटवर जिवाणू उगवतात, आणि लगेच इंजेक्शनं चालू. म्हाताऱ्या माणसांच्या, मधुमेह्यांच्या, कॅथेटर असलेल्यांच्या लघवीत जिवाणू असणं ही रोजची गोष्ट आहे. त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही. गर्भार बाई मात्र याला अपवाद. तिच्या लघवीत त्रास नसताना जिवाणू निघाले तरी उपचार करतात, कारण तो पुढे मूत्रपिंडात चढायची भीती असते. लघवीच्या मार्गावरचं काही ऑपरेशन असेल तर तोही अपवाद. बाकी आजीला नुसतं सोडून द्यावं. आमच्या लॅबमधले पॅथॉलॉजिस्ट सर अशा रिपोर्टवर स्वतः हाताने लिहितात, 'लक्षणांशी ताडून पाहावे'. कुणी ताडून बघतं की नाही, देव जाणे.

पुरुषांना संसर्ग झाला तर तो आपसूक गंभीर समजतात, कारण मागे प्रोस्टेट किंवा मुतखडा असण्याची शक्यता असते. लहान मुलांचंही तसंच. कारण शोधावं लागतं, नुसतं औषध पुरत नाही.

प्लेट उघडल्यावर कधी कधी एकही रिकामं वर्तुळ दिसत नाही. सगळ्या टिकल्या वाढीत बुडालेल्या. मग दुसऱ्या फळीच्या टिकल्या, मग तिसऱ्या. शेवटी राखून ठेवलेलं मेरोपेनेमसुद्धा आर. २००८ साली स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीत असाच क्लेबसिएला सापडला. तो माणूस त्याआधी नवी दिल्लीत रुग्णालयात दाखल होता. त्या जिवाणूकडे जे एन्झाइम सापडलं त्याला 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज' नाव दिलं, एनडीएम-१. २०१० मध्ये त्यावरचा मोठा लेख आला तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, आपली बदनामी म्हणून. नावावरून राग येणं साहजिक होतं. पण जिवाणूला पत्ता लागत नाही, आणि आम्हाला मिरजेत तो वारंवार दिसायला लागला तेव्हा कुणी गदारोळ केला नाही. असा रिपोर्ट गेला की पेशंट ॲडमिट, सलाइनमधून इंजेक्शनं, दिवसाचे हजारो रुपये. पाच दिवसांच्या गोळ्यांनी जिथे भागलं असतं तिथे.

ते कसं घडतं हे शाळेतल्या बाईंच्या प्लेटवर दिसलंच होतं. प्रत्येक अर्ध्या-मुर्ध्या गोळीने आतड्यातले साधे जिवाणू मरतात, हट्टी राहतात. पुढचा संसर्ग त्याच आतड्यातून चढणार, म्हणजे हट्टीच चढणार. घरातल्या इतरांकडेही तेच जातात. १ मार्च २०१४ पासून आपल्याकडे शेड्यूल एच-वन हा औषधविक्रीचा नियम आहे. त्यातली अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, विकली तर पेशंटच्या आणि डॉक्टरांच्या नावासह नोंदवहीत लिहायची, वही तीन वर्षं ठेवायची. गोळ्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते ती चिठ्ठीची आठवण म्हणून. मी ती रेघ दाखवून लोकांना विचारते, याचा अर्थ काय? "एक्स्पायरी," एकाने सांगितलं. "स्ट्राँग असते," दुसऱ्याने.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली नॉरफ्लॉक्सासिनच्या कुळातली औषधं साध्या मूत्रसंसर्गात इतर पर्याय असतील तर देऊ नका असं बजावलं. स्नायूबंध, नसा यांच्यावर होणारे दुष्परिणाम बघून. आपल्या काउंटरवर तीच अजून पहिल्या नंबरला आहेत. प्लेटवर ती नापास होतात, आणि पेशंटही म्हणतो, "पूर्वी लागू पडायची हो."

बाईंना त्यानंतर बरेच महिने काही झालं नाही. हेडसरांची किल्ली आता वर्गाबाहेरच्या खिळ्याला असते म्हणे; सगळ्या शिक्षिकांनी मिळून मुलींच्या पालकसभेत विषय काढला. सहावी-सातवीतल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे त्या सभेत पहिल्यांदाच आयांनी मोठ्याने सांगितलं.

परवा जतकडचेच एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. तिचं कल्चर आम्हीच केलं होतं, पाच दिवस औषध झालं होतं.

"पुन्हा टेस्ट लावायची ना?"

"वहिनींना जळजळ आहे?"

"नाही."

"ताप? पोटात दुखतंय? सारखं जावं लागतंय?"

वहिनींनीच मान हलवली. काही नाही.

"दिवस गेलेत का?"

"अहो, नाही! मोठीचं लग्न ठरतंय."

"डॉक्टरांनी सांगितलंय का पुन्हा करायला?"

"नाही, पण मनाचं समाधान म्हणून."

त्रास गेला असेल तर पुन्हा कल्चर लावायचं नसतं, हे मी त्यांना समजावलं. उगाच चार जिवाणू उगवतील, कुणीतरी पुन्हा औषध लिहील आणि चक्र सुरू होईल. पाचशे रुपये वाचले, असंही सांगितलं. ते जरा हिरमुसले. लॅबने स्वतःहून गिऱ्हाईक परत पाठवायचं, हे त्यांना पचेना. खिशातल्या नोटा पुन्हा घडी करून ठेवल्या, परत काढल्या.

"मग एवढ्या लांबून आलोय तर माझी शुगर तरी करा," म्हणाले आणि बाही वर करून खुर्चीत बसले.